चार पोरं, पाच गाणी आणि एक शिवी

भानगड जुनी आहे, 2006 सालची, पण आठवली की अजून जीभ शिवशिवते. त्या वर्षी 24 एप्रिलला इंग्लंडच्या दुकानांत एक छोटीशी तबकडी आली. गाणी पाच, सगळी मिळून वीस मिनिटंसुद्धा भरत नाहीत. आणि नाव काय ठेवावं? ‘हू द’, त्यानंतर एक शब्द, आणि मग ‘आर आर्क्टिक मंकीज?’ मधला शब्द मी इथे छापणार नाही, कारण हा मजकूर घरात सगळेच वाचतात. इंग्रजी सिनेमे पाहायची सवय असलेल्यांनी तो मनातल्या मनात घालून घ्यावा. बाकीच्यांनी घरातल्या कॉलेजकुमाराला विचारावं. तो सांगणार नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून शब्दाचं वजन कळेल.

आता बँड आपला, तबकडी आपली, त्यावर ‘हे आर्क्टिक मंकीज आहेत तरी कोण?’ असा प्रश्न आपणच विचारायचा, तोही शिवी हासडून? अहो, लग्नपत्रिकेवर नवऱ्यामुलाने स्वतःच ‘हा कोण टिकोजीराव?’ असं छापून घेण्यातला प्रकार हा! पण पोरांना त्याचं काही नव्हतं. शिवीवरून फार मोठा कालवा झाला म्हणावं तर तसंही नाही. 1977 मध्ये सेक्स पिस्टल्स या बँडच्या अल्बमच्या नावातल्या एका शब्दापायी नॉटिंगहॅमच्या दुकानाचा मॅनेजर कोर्टात उभा राहिला होता आणि निर्दोष सुटलाही होता. तेव्हापासून इंग्लंडचे कान चांगले तयार झाले होते. रेडिओने मात्र नाक मुरडलं आणि तबकडी फारशी वाजवली नाही. त्यावर बँडच्या गोटातून प्रतिक्रिया काय, तर आम्ही कुठे रेडिओच्या जिवावर मोठे झालो होतो? आगाऊपणा बघा.

पण शिवीचं राहू द्या. त्याहून मोठा गुन्हा पुढे आहे. त्याआधी ही पोरं कोण ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई नुसत्याच कुचाळक्या करतात.

शेफील्ड हे पोलादाचं गाव. त्याच्या उत्तरेला हाय ग्रीन नावाची वस्ती आहे, तिथली ही मुलं. अ‍ॅलेक्स टर्नर गाणारा आणि लिहिणारा, जेमी कुक गिटारवर, मॅट हेल्डर्स ड्रमवर आणि अँडी निकल्सन बेसवर. टर्नरचे आईवडील दोघेही शिक्षक. म्हणजे मास्तरांचं पोर. ते बिघडलं की जास्त बोलायचं असतं, हा नियम शेफील्डपासून सोलापूरपर्यंत एकच असावा. 2001 च्या नाताळात टर्नर आणि कुक यांना घरून गिटारी मिळाल्या. जून 2003 मध्ये शेफील्डच्या द ग्रेप्स या पबमध्ये पहिला कार्यक्रम झाला. दीड वर्षात स्टेजवर! अभ्यासाचं नाव नाही.

पुढचं ऐका. टर्नर ‘द बोर्डवॉक’ नावाच्या ठिकाणी बारमागे उभा राहून ग्लास भरायचा आणि तिथेच बँड वाजवायचा. कार्यक्रमाला आलेल्यांना ही पोरं घरीच कॉपी केलेल्या सीडी चक्क फुकट वाटायची. मोजक्याच असायच्या, म्हणून ज्यांना मिळाल्या त्यांनी ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांच्यासाठी इंटरनेटवर टाकल्या. त्या सगळ्या गाण्यांची मोट बांधून कुणा चाहत्याने तिला ‘बीनीथ द बोर्डवॉक’ असं नावही देऊन टाकलं. बँडला पत्ता नाही, कंपनी नाही, जाहिरात नाही, आणि लंडनच्या टोकापर्यंतच्या पोरांना गाणी तोंडपाठ. पुढे पत्रकारांनी ‘मायस्पेस या वेबसाइटने घडवलेला बँड’ म्हणून अग्रलेख पाडले, तेव्हा ही चौकडी म्हणाली, ते मायस्पेस काय असतं ते आम्हाला धड ठाऊकच नाही, ते पान चाहत्यांनी उघडलंय! जगभरच्या मार्केटिंगवाल्यांनी ज्या युक्तीवर व्याख्यानं ठोकली, ती ज्यांची म्हणून सांगितली त्यांनाच माहीत नव्हती. मला तर हा भाग फार आवडतो.

छोट्या तबकडीची खोडही जुनीच. मे 2005 मध्ये त्यांनी स्वतःच्या ‘बँग बँग’ या लेबलवर ‘फाइव्ह मिनिट्स विथ आर्क्टिक मंकीज’ काढली होती. त्यात दोन गाणी. सात इंची तबकड्या हजार आणि सीडी पाचशे. एवढ्या छापल्यावर शेफील्डच्या बाहेर जातील तरी किती? पण लंडनमधल्या कंपन्या तोवर चेकबुकं उघडून रांगेत उभ्या होत्या. मोठमोठ्या घराण्यांची स्थळं सांगून आली आणि पोरांनी होकार दिला तो डॉमिनोला. 1993 मध्ये सुरू झालेली ही स्वतंत्र कंपनी. तिच्या मालकाची, लॉरेन्स बेलची, ख्याती एवढीच की स्वतःला आवडेल तेच काढायचं. इंडी म्हणतात ते हेच: मोठ्या कंपन्यांच्या दावणीला न बांधलेलं. आता तो शब्द पातळ गिटार आणि आखूड जाकीट या अर्थानेही वापरतात, तो भाग निराळा.

ऑक्टोबर 2005 मध्ये ‘आय बेट यू लुक गुड ऑन द डान्सफ्लोर’ आलं आणि ब्रिटनच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर. तिथे आधी बसलेल्या शुगाबेब्स या मुलींच्या गटाला उठवून. जानेवारी 2006 मध्ये ‘व्हेन द सन गोज डाउन’, तेही पहिलं. आणि 23 जानेवारीला अख्खा अल्बम, ‘व्हॉटेव्हर पीपल से आय अ‍ॅम, दॅट्स व्हॉट आय अ‍ॅम नॉट’. हे लांबलचक नाव त्यांनी अ‍ॅलन सिलिटोच्या ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ या कादंबरीवरून उचललं होतं. मास्तरांचं पोर म्हटलं ना मी! मागणी इतकी की तारीख आठवडाभर अलीकडे ओढावी लागली. पहिल्या दिवशी 1 लाख 18 हजारांवर आणि पहिल्या आठवड्यात 3 लाख 63 हजार 735 प्रती गेल्या. ब्रिटनमधल्या पदार्पणाच्या अल्बमांमध्ये तोवर कुणाच्या इतक्या झपाट्याने गेल्या नव्हत्या. आधीचा विक्रम हिअरसे या गटाचा होता. हा गट 2001 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमाने प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत निवडून, घोटून, सजवून उभा केला होता. तो विक्रम कुणी मोडावा? जीन्सच्या खिशात हात घालून उभ्या असलेल्या, कॅमेऱ्याकडे धड न बघणाऱ्या पोरांनी.

इथून पुढे मोठ्या माणसांचं भान सुटलं. एन.एम.ई. हे तेव्हाचं तिथलं संगीताचं साप्ताहिक. चार पिढ्यांना काय ऐकावं ते सांगत आलेलं. त्यांनी ब्रिटनच्या सर्वकाळच्या शंभर उत्तम अल्बमांची यादी काढली आणि तीत हा अल्बम पाचवा. सर्वकाळच्या! अल्बमचं प्लास्टिकचं वेष्टन अजून केरात गेलं नव्हतं. बीटल्सचं ‘रिव्हॉल्व्हर’ त्याच्याखाली. चाळीस वर्षं जुनं ‘रिव्हॉल्व्हर’ गुपचूप खाली सरकलं, आणि मॅककार्टनींचं त्या दिवशी जेवणावरचं लक्ष उडालं असेल का, याचा विचार मी बराच वेळ केला.

मग मुखपृष्ठ. त्यावर बँडपैकी कुणीच नाही! एका दोस्ताला, क्रिस मॅक्ल्युअरला, पैसे देऊन सांगितलं की रात्रभर हिंडून, पिऊन ये. पहाटे लिव्हरपूलच्या एका बारमध्ये त्याचा फोटो काढला. डोळे तारवटलेले, हातात सिगारेट. झालं! स्कॉटलंडच्या आरोग्यसेवेचे प्रमुख पुढे सरसावले, की यामुळे धूम्रपानाला हरकत नाही असा संदेश जातो. कंपनीच्या माणसाचं उत्तर असं, की फोटो नीट पाहा, त्या सिगारेटने त्याचं काही भलं केलंय असं दिसतंय का? मला दोघांचंही पटतं. पण इतका रडवेला चेहरा पाहून कुणाला सिगारेटची तल्लफ आली असेल, तर त्याला वाचवणं कुणाही खात्याच्या हातात नव्हतं.

मार्चमध्ये स्वारी अमेरिकेत. ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’सारख्या कार्यक्रमात गायला मिळावं म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात. टर्नर तिथे गाता गाता मध्येच म्हणाला, तो माणूस आत्ता जांभई देत होता. थेट प्रक्षेपणात! पाहुणा म्हणून जेवायला जाऊन यजमान पेंगतोय असं पंगतीत मोठ्याने सांगण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

तर ही अशी हवा तापलेली. पंतप्रधान व्हायला टपलेले अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनाही त्या वर्षी या बँडचा पुळका आला. सकाळी जाग येते म्हणे त्यांच्या गाण्यांनी. अर्थखात्याच्या फाइलींमधून ज्या माणसाने मान कधी वर केली नव्हती, त्याला शेफील्डच्या नाक्यावरच्या पोरापोरींची गाणी? वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. कुठलं गाणं आवडतं ते सांगा पाहू, अशी विचारणा सुरू झाली आणि साहेबांची पंचाईत झाली. पुढारी कुठलाही असो, क्रिकेट, सिनेमा आणि तरुणांची गाणी यांत शिरला की फसतोच. आपल्याकडे काय, कमी उदाहरणं आहेत?

आता मुख्य गुन्हा.

अल्बमवरून आणखी एक गाणं सुटं काढायचं, हा धंद्याचा साधा रिवाज. गाणं तयार होतं, ‘द व्ह्यू फ्रॉम द आफ्टरनून’. लागोपाठ दोन पहिले क्रमांक मिळाले होते, तिसऱ्यालाही लोक उड्या टाकायला बसलेलेच होते. नुसतं ते एक गाणं आणि मागे भरताड म्हणून एखादं, एवढं टाकलं असतं तरी खपाच्या यादीत वर गेलं असतं. यांनी काय केलं? त्या गाण्यामागे चार अशी गाणी जोडली, जी अल्बमवर नव्हती. पाच गाण्यांची ई.पी. म्हणजे ब्रिटनच्या यादीच्या नियमांत एकेरी गाण्यासाठी लांब आणि अल्बमसाठी आखूड. दोन्हीकडून बाद! कितीही खपो, त्या यादीत तिचं नाव लागणारच नव्हतं. लक्ष्मी टिळा लावायला दारात उभी आणि चिरंजीव तोंड धुवायला गेलेत.

ई.पी. हा प्रकार तुमच्या घरात कधीकाळी असणार. आपल्याकडे एच.एम.व्ही.च्या पंचेचाळीस फेऱ्यांच्या छोट्या तबकड्या यायच्या, दोन्ही बाजू मिळून बहुधा चार गाणी. भावगीतांच्या आणि सिनेमाच्या गाण्यांच्या. मोठी तबकडी परवडायची नाही आणि एका गाण्याने पोट भरायचं नाही, त्या मधल्या मध्यमवर्गाची ही वस्तू. ब्रिटनमध्ये तर 1960 ते 1967 तिची वेगळी यादी निघायची. ती बंद झाल्यावर ई.पी. कुठे बसवायची हा घोळ पुढे कायम राहिला. इंडीवाल्यांनी मात्र तिला जीव लावला, कारण खर्च कमी, आणि अल्बमाएवढी गाणी जमायची वाट बघावी लागत नाही. नव्या बँडला ओळख करून द्यायला ती बरी पडते. इथे मात्र ज्यांना सारा देश ओळखत होता त्यांनी ती काढली आणि वर विचारलं, आम्ही कोण?

मला कुणी म्हणालं, ही सगळी तत्त्वनिष्ठा. असेल. पण माझा संशयी स्वभाव. विचार करा, नुसतं गाणं काढलं असतं आणि ते यादीत चौथं आलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी ‘लाट ओसरली’ छापलं असतं. तिथली वर्तमानपत्रं एखाद्याला चढवतात तेव्हाच खाली ओढायची दोरी बांधून ठेवतात. यादीतच नाही म्हटल्यावर ओढणार कसे? हा साधेपणा आहे की पक्का हिशेब, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असावं. विशीतल्या पोरांना आपण समजतो त्यापेक्षा बरंच जास्त कळतं, विशेषतः आपल्याला काही कळत नाही असं दाखवायचं असतं तेव्हा.

आणि गाणी? एवढं सगळं बोलून गाण्यांबद्दल बोलायचं राहिलं तर खमंग चर्चा कसली! ‘सिगारेट स्मोकर फियोना’ म्हणजे फुकट वाटलेल्या सीडींमधलंच जुनं गाणं, नवं करून आणलेलं. धूम्रपानावरून वाद झाल्यावर तीन महिन्यांनी हे नाव! आरोग्यखात्याने कपाळावर हात मारला असेल. पण मग एकदम ‘डिस्पेअर इन द डिपार्चर लाउंज’ सुरू होतं आणि माझ्यासारखीची बोलती बंद होते. विमानतळावर अडकलेला, घरच्या माणसाच्या आठवणीने कासावीस झालेला पोरगा. ड्रमचा दणका नाही, आव नाही. मुंबईतून दुबईला पहिल्यांदा गेलेल्या कुणालाही ते कळेल. ‘नो बसेस’ही तसंच हळू. आरडाओरड्याच्या अल्बमवर ही दोन गाणी बसलीच नसती. मला वाटतं, ही छोटी तबकडी काढायला तेवढं एक कारण पुरेसं होतं.

शेवटी ते शिवीवालं गाणं. पाच मिनिटांहून लांब, पाचांत सगळ्यात लांब. आपल्याला डोक्यावर घेणारे, आपल्याकडून काय काय हवं ते ठरवून बसलेले, उद्या पाडायला तयार असलेले, या सगळ्यांचा त्यात समाचार आहे. पहिला अल्बम येऊन जेमतेम तीन महिने झाले आणि हे पठ्ठे आपल्या घसरणीचा हिशेब आधीच मांडून मोकळे! इतक्या लवकर इतकं शहाणपण बरं नव्हे. पण त्या वर्षी सगळ्या इंग्लंडात या बँडबद्दल सर्वांत थंड डोक्याने कोण बोलत होतं म्हणाल, तर हेच गाणं.

थंड डोकं सगळ्यांचं राहिलं मात्र नाही. तबकडी निघाल्यावर महिन्याभरात अँडी निकल्सनने थकल्याचं कारण देऊन अमेरिकेच्या दौऱ्याला नकार दिला. त्याच्या जागी निक ओमॅलीला बेसवर घेतलं ते दौऱ्यापुरतंच असं लोकांना वाटलं, तर जूनमध्ये जाहीर झालं की निकल्सन गेला तो गेलाच. म्हणजे ही पाच गाणी त्या मूळ चौघांची शेवटची. इथे मी चेष्टा थांबवते. विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या पोरांवर एवढा उजेड पाडला की एखाद्याचे डोळे दुखणारच, आणि त्या उजेडात आपण सगळे हातात टॉर्च घेऊन उभे होतोच की.

सप्टेंबरात अल्बमला मर्क्युरी हे ब्रिटनचं संगीत पारितोषिक मिळालं. तिथेही टर्नरने सभ्यपणे आभार मानले असते तर! तो म्हणाला, पोलिसांना बोलवा, रिचर्ड हॉलीला लुटलंय. हॉली हा शेफील्डचाच जुना गाणारा, त्याचा ‘कोल्स कॉर्नर’ हा अल्बम त्याच पारितोषिकाच्या स्पर्धेत होता. गावच्या थोरल्याला दिलेला असा मान मी आजवर कुठल्या शाल-श्रीफळात पाहिलेला नाही. त्याच महिन्यात ब्राउनसाहेबांनी पक्षाच्या अधिवेशनात सांगून टाकलं की आपल्याला आर्क्टिक मंकीजच्या भवितव्यापेक्षा आर्क्टिक प्रदेशाच्या भवितव्याची काळजी जास्त आहे. टाळ्या पडल्या. त्यांचं ते एक वाक्य मात्र मला खरोखर आवडलं. पुढच्या वर्षी ब्रिट पुरस्कारांना पोरं स्वतः गेलीच नाहीत, ‘विझर्ड ऑफ ऑझ’मधली पात्रं बनून आभाराचा व्हिडिओ पाठवून दिला. यावर मी काही बोलत नाही.

यादीवाल्यांचं मात्र सांगितलंच पाहिजे. 1 जानेवारी 2007 पासून ब्रिटनच्या यादीचे नियम बदलले. दुकानात तबकडी असो वा नसो, लोकांनी डाउनलोड केलेलं कुठलंही गाणं यादीत धरायचं ठरलं. एप्रिलमध्ये या पोरांचा दुसरा अल्बम आला, ‘फेव्हरिट वर्स्ट नाइटमेअर’. त्या आठवड्यात अल्बम पहिल्या क्रमांकावर होता, आणि त्यातली बाराच्या बारा गाणी सुट्या गाण्यांच्या यादीत पहिल्या दोनशेंत होती.